डिग्रीचा हमीभाव

घाटंजीच्या बसमध्ये तो रोज माझ्या शेजारी बसायचा. कॉलेजात तासांच्या हिशोबानं शिकवायचा. घरभाडं वाढलं, पगार पुरेना, म्हणून त्यानं बायको-लेकीला माहेरी पाठवलं होतं. शर्ट मात्र कायम कडक इस्त्रीचा.

कापसाचे भाव कोसळलेल्या त्या वर्षी एका शेतकऱ्यानं त्याला विचारलं, "सर, पोराले एम.ए. करू काय?"

पुढच्या सीटचा दांडा मुठीत आवळून तो म्हणाला, "कायले? तुमच्या कापसाले कागदावर तरी हमीभाव हाय. माह्या डिग्रीले तोही नाही. सुट्टीत तं मले पगारच नसते."

मी कायम नोकरीतला; माझा पगार सुट्टीतही चालू असायचा.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर तो बसमध्ये दिसेना. कॉलेजात जाऊन विचारलं. कारकून मान वर न करता म्हणाला, "त्यायच्याहून कमी पैशात दुसरे सर भेटले."