ओट्यावरचा चढ

दाजींच्या छातीत स्टेंट बसला त्याला आता दोन पावसाळे झाले. त्यांना सायकलचा नाद मी लावला होता. त्यामुळे दवाखान्यातल्या त्या बाकावर बसलो असताना माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की ताईचा नवरा मी दमवला. डॉक्टर म्हणाले, उलट सायकल चालवायचे म्हणून इतक्या लवकर सावरले. ते ऐकून ताईला हायसं वाटलं. मला वाटलं नाही. अपराधी वाटून घ्यायला मला फार कारण लागत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

काही महिन्यांनी डॉक्टरांनी पुन्हा सायकलची परवानगी दिली. सपाट रस्त्याने चालवा, सध्या चढ टाळा, एवढंच ते म्हणाले. घरी आल्यावर ताईने मला बाजूला घेतलं.

"चढ म्हणजे किती रे? आपल्याकडं रस्ता थोडाफार वरखाली असतोच की."

मला ठाऊक नव्हतं. पण तिचा चेहरा बघून मी ठामपणे म्हणालो, "दोनशे मीटरच्या आत राहिलं म्हणजे झालं." नवीन जालन्यातून निघून अंबड रस्त्याने आमची जी नेहमीची फेरी व्हायची, तिच्यात दीडशेच्या आसपास चढ भरायचा. म्हणून मी दोनशे म्हणालो. डॉक्टरांच्या तोंडी हा आकडा कधीच आला नव्हता.

हा आकडा दाखवणारं यंत्र सायकलच्या हँडलवर असतं. काडेपेटीहून थोडं मोठं. अंतर आणि वेग ते उपग्रहावरून काढतं, उंची मात्र हवेच्या दाबावरून. वर गेलं की हवा विरळ, खाली आलं की दाट, एवढाच हिशोब. फेरी संपली की एकूण किती मीटर चढलात ते दाखवतं. ताई त्या दिवसापासून ते बघायला लागली. दाजी दारात सायकल लावून बूट काढत असायचे, तोवर ही चष्मा लावून यंत्र हातात घेऊन उभी. आकडा दोनशेच्या आत असला की चहाबरोबर खारी मिळायची. असं वर्षभर सुरळीत चाललं.

मग मागच्या दसऱ्यानंतर आकडा फुगायला लागला. आधी तीनशे, मग चारशेच्या पुढे.

"अहो, कुठं गेल्ते?"

"नेहमीच्याच रस्त्यानं."

"मंग हे चारशे कुठून आले?"

"मला काय म्हाईत? त्याला विचार. तूच त्याला माझ्यापेक्षा जास्त मानून राह्यली."

रविवारी आम्ही दोघं बरोबर जायचो, पण त्या दिवसांत माझ्या बँकेत ऑडिट चालू होतं, रविवारीही जावं लागे. दाजी एकटेच जात होते. शहराबाहेर खदानीकडे जाणारा एक रस्ता आहे, लहान पण उभा. आजारपणाआधी दाजींचा तो फार आवडीचा. वर पोचले की खदानीच्या कडेला उभं राहून ते अख्ख्या जालन्याला हाक मारायचे. ताईने मला फोन करून विचारलं, "खरं सांग, हे खदानीवर तर जाऊन न्हाई राह्यले?" मी म्हणालो, "बघतो." ते मी ज्या आवाजात म्हणालो, त्यावरून तिला कळलं की मलाही तेच वाटतंय.

आणि मी खरोखर बघायला गेलो. पहाटे मोटारसायकल काढून खदानीच्या रस्त्याच्या तोंडाशी एका बाभळीआड उभा राहिलो. पन्नाशीकडे झुकलेला, बँकेत नोकरी करणारा माणूस बाभळीआड. दाजी आले नाहीत. त्यावरून ते येत नाहीत असं मी समजायला हवं होतं. मी समजलो असं, की आज त्यांनी वार बदलला.

दुसऱ्या दिवशी आकडा पाचशेवर गेला आणि ताईने सायकलला साखळी घालून कुलूप लावलं. किल्ली पर्समध्ये टाकली. दाजी काही बोलले नाहीत. ते आपल्या बियाण्यांच्या दुकानात जाऊन बसले, आणि तिथेही गिऱ्हाइकांशी बोलेनात, असं त्यांच्या शेजारच्या दुकानदाराने मला सांगितलं. दाजी बोलत नाहीत ही आमच्या घरात आजारपणापेक्षा मोठी बातमी होती. ताई धास्तावली, पण किल्ली देईना. तिचंही खरंच होतं. छातीत कळ आली त्या रात्री रिक्षात त्यांचं डोकं तिने मांडीवर धरलं होतं, मी नव्हे.

ऑडिट संपल्यावर मी त्यांच्याकडे गेलो. ताई ओट्याशी भाकरी थापत होती. दाजी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून यंत्र चालू-बंद करत होते. खिडकीतून ऊन येत होतं.

"इकडं ये, पाव्हणं," दाजी म्हणाले. "बघ. मी आत्ता खुर्चीवर बसलोय ना?"

"हो."

"हलून राह्यलो का?"

"नाही."

"मंग मी तीस मीटर वर कसा गेलो?"

मी वाकून बघितलं. खरंच, उंचीचा आकडा एकेक मीटरने वर सरकत होता. वर पंखा फिरत होता. मी यंत्र उचलून खिडकीत उन्हात ठेवलं. थोड्या वेळात ते गरम झालं आणि उंची उतरायला लागली. पुन्हा पंख्याखाली आणलं, पुन्हा चढ. ताई पिठाचे हात तसेच धरून बघत होती. मग तिने ते माझ्या हातातून घेऊन ओट्यावर, शेगडीच्या बाजूला ठेवलं. आकडा भराभर खाली गेला.

"अगं बाई," ती म्हणाली, "हे तर गोदावरीत उतरलं."

"तिथंच राहू दे," दाजी म्हणाले. "भाकरी झाल्यावर काढ बाहेर."

आता मला कळलं. आतली हवा कोंडली होती. गार झाली की यंत्राला वाटायचं आपण वर चाललो, तापली की खाली. या यंत्रांना हवा आत जायला खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं. मी यंत्र उलटं केलं. ते भोक लालपिवळ्या लेपाने गच्च बुजलं होतं.

ताईने चष्मा लावला. बघितलं. मग खाली बसली.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पुजतात. दुकानातला तराजू, घरातली विळी, मोटारसायकल, सगळ्यांना हळदकुंकू. मागच्या खेपेला ताईने सायकलही पुजली होती, आणि दाजींना सुखरूप ठेवतं म्हणून या यंत्राला वेगळं खाली काढून, समोरची काच खराब होईल म्हणून उलटं करून, हळदकुंकू भिजवून दोन बोटं नीट दाबून लावली होती.

"मी त्याला पुजलं," ती हळूच म्हणाली, "आन् त्यानं माझ्याच घरात चुगली लावली."

दाजी हसता हसता खोकायला लागले, तेव्हा ती उठून पाणी द्यायला धावली. मग तिने बांगडीतली पिन काढली आणि भोकात घालायला निघाली. "थांब थांब!" आम्ही दोघंही ओरडलो. आत पातळ पडदा असतो, तो फाटला की संपलं. कोमट पाण्यात बुडवून ठेवलं. पाणी हळूहळू केशरी झालं.

कुलूप त्यामुळे निघेल असं मला वाटलं होतं. निघालं नाही. ताई म्हणाली, "आज कुंकू निघालं. उद्या अजून काही निघंल. मला आकडा बराबर आहे का न्हाई हे कसं कळणार? दोनशेच्या वर गेलं तर मी काय करू?"

तेव्हा मला सांगावंच लागलं, की दोनशे हा आकडा माझा आहे. बाभळीचंही सांगितलं. एकदा सांगायला लागल्यावर मला थांबता येत नाही. दाजी म्हणाले, "बाभळीला काटे असतात रे. नीट उभा होतास ना?"

दोन दिवसांनी आम्ही तिघं डॉक्टरांकडे गेलो. ताईने यंत्र पर्समधून काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते बघितलंही नाही. म्हणाले, आता थोडा चढ चालेल. चालवताना बोलता आलं पाहिजे. एक अख्खं वाक्य दम न लागता बोलता येत असेल तर ठीक, नाही तर उतरायचं.

"बोलता?" ताई म्हणाली. तिने नवऱ्याकडे असं बघितलं, की डॉक्टरही हसले. कुलूप त्याच दिवशी निघालं.

गेल्या महिन्यात बियाण्यांची पिकअप शहागडला चालली होती. तिच्यात सायकली टाकून आम्ही गेलो, गोदावरीच्या पुलावर थोडं थांबलो आणि अंबडपर्यंत सायकलने परत निघालो. नदी मागे राहिली की रस्ता वर वर येत राहतो, फार उभा नाही, पण सुटकाही नाही. शेजारून उसाचे ट्रॅक्टर जात होते. दाजी सोयाबीनच्या एका वाणाबद्दल बोलत होते, त्याच्या शेंगा का फुटतात, कंपनीचा माणूस काय म्हणाला, आणि तो कसा चुकीचा आहे. मी हूं हूं करत होतो.

अर्ध्या चढावर त्यांच्या शर्टाच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी पायडल न थांबवता स्पीकर लावला. ताईच होती.

"बोला काहीतरी."

"काय बोलू? हवा छान आहे, रस्ता बराबर आहे, आन् घरी आल्यावर मला खारी नको, भजे पाहिजेत, मिरचीचे, आन् संग ताक."

पलीकडे ती वाक्यातले शब्द मोजत असावी. मग तिचा मोकळा आवाज आला, "भजे दोनच मिळतील. आन् आमचा भाऊ कुठंय? त्याचा आवाज येऊन न्हाई राह्यला."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. नुसती हवाच बाहेर आली.

"आहे," दाजी म्हणाले. "मागं आहे. त्याला आता उतरवतो."