मागे दिलेला चेंडू

शिडी हे काही तिचं खरं नाव नव्हे. शाळेच्या बाकाखाली पाय मावेनात, म्हणून कोणीतरी ते चिकटवलं आणि ते कायमचंच झालं. आई म्हणायची, "हिच्या लग्नात नवरदेवाला स्टुलावर उभं करावं लागणार!" पण देशाच्या व्हॉलीबॉल संघात निवड झाली, तेव्हा तीच आई गल्लीभर मिरवून आली.

संघात शिडीचं जमायचं ते चिमणीशी. चिमणी सेटर, चेंडू उचलून द्यायचं काम तिचं, मारायचं शिडीचं. पाठीमागे शिडीची पावलं वाजली, की चिमणी न बघताच डोक्यावरून मागे, जाळीलगत आखूड चेंडू सोडायची. शिडी तोवर हवेत असायची.

मग शिडीचा गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली, व्यायाम झाले, कोचताईंनी पळवून बघितलं आणि नकारार्थी मान हलवली. तिला सामानाच्या खोलीत नोकरी मिळाली. सुई ओली करून चेंडूंत हवा भरायची, जाळ्या गुंडाळायच्या आणि सामन्याच्या वेळी बाकाच्या टोकाला बसायचं.

त्या वर्षी महिलांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा आपल्याच शहरात भरली. पहिल्याच सामन्यात शेवटचा गेम अटीतटीला आला, आणि चिमणीनं तोच आखूड चेंडू मागे दिला. शिडीच्या जागेवर आलेल्या नव्या मुलीला चेंडू उंच लागायचा. ती अजून धावतच होती. चेंडू धपकन मैदानाच्या लाकडी फळ्यांवर पडला. सामना गेला.

"डोळे फुटले का गं?" प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडलं.

"पुन्हा असं झालं तर बाहेर बसवीन," कोचताई चिमणीला म्हणाल्या.

चिमणी तडक सामानाच्या खोलीत आली आणि चेंडूंच्या पिशवीवर बसली.

"नवी पोरगी ढिम्म आहे गं."

"ढिम्म नाही. तो तिचा चेंडू नव्हता."

चिमणीनं तोंड खाली घातलं. "हात आपोआप गेले. वाटलं, मागे तूच आहेस."

हे ऐकून शिडीला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीच लाज वाटली. गप्प राहिलं असतं तर ती जागा आणखी थोडे दिवस तिचीच राहिली असती. पण मग चिमणीची गेली असती.

"चिमणे, मी नाहीये तिथे. मी हवा भरते आता. तिला उंच दे, आणि तिची पावलं ऐकायला शीक."

"आणि तू बरी झालीस तर?"

"कोचताईंनी मान हलवली, तेव्हा तू नव्हतीस. मी होते."

चिमणी रडली. शिडीनं तिच्या डोक्यावर टपली मारली, "ऊठ, पिशवी फाटेल," म्हणाली.

पुढच्या सामन्यात तशीच वेळ आली. चिमणीनं चेंडू उंच दिला, क्षणभर जास्तच रेंगाळेल असा. नवी मुलगी झेपावली आणि तिनं तो असा हाणला, की समोरच्या मुलींचे हात नुसते वर राहिले. सगळा बाक उठून मैदानात धावला. चिमणीनं नव्या मुलीला कडेवर घ्यायचंच बाकी ठेवलं.

शिडी बसल्या जागी टाळ्या वाजवत राहिली.

"अगं ऊठ, जिंकलो ना!" संघाच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. "गुडघा दुखतोय का?"

"नाही हो," शिडी म्हणाली. "बसू द्या मला जरा."