तिसऱ्या रांगेतली चौथी चटई

आधीच सांगते, मी लिंबू-मिरची विकत घेते ती फक्त भाजीसाठी. अंगात येणं, बाधा, नजर यातलं काहीही मी आयुष्यात मानलं नाही. आजही मानत नाही. तरी हे लिहिते आहे, कारण घडलं ते माझ्याच हॉलमध्ये आणि शेवटी माझ्याच पायांना.

मी कारध्याला राहते, नदीच्या पुलापलीकडे भंडारा. अकरा वर्षं भंडाऱ्यात एका संस्थेत योग शिकवला. चटया माझ्या, आवाज माझा, बोर्डावर नाव संचालक सरांचं. गेल्या वर्षी सोडलं. सर हसले. म्हणाले, "मॅडम, हॉल चालवणं म्हणजे सूर्यनमस्कार नाही. सहा महिन्यांत परत याल, जागा ठेवतो."

जुन्या वस्तीत एक लांब हॉल भाड्याने मिळाला. पूर्वी तिथे हातमाग होते. विणणारा जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो, पायांनी आळीपाळीने पट्ट्या दाबतो आणि हाताने धोटा फेकतो, ते माग. मालक शेषरावभाऊंनी खड्डे बुजवून वर सिमेंट ओतलं होतं. फरशीवर वेगळ्या रंगाचे चौकोन दिसायचे. मी वरून चटया टाकल्या आणि विषय संपवला.

सकाळी सहाची बॅच, चौदा बायका. तिसऱ्या दिवशी शवासनात सगळ्या निपचित पडलेल्या... आणि तिसऱ्या रांगेत चौथ्या चटईवर निर्मलाताईंचे पाय हलत होते. उजवा, डावा, उजवा, डावा. घाई नाही, एका लयीत.

"ताई, पाय सैल सोडा."

त्या दचकून उठल्या. "मी त झोपली होती जी! कोण हलवून राहिलं?"

स्नायू सैल होताना झटके येतात, ते मला ठाऊक आहे. पण झटका एकदा येतो, आठ मिनिटं येत नाही. दुसऱ्या दिवशी मी जागा बदलल्या. निर्मलाताई खिडकीपाशी गेल्या — पाय स्थिर. चौथ्या चटईवर शाळेतल्या शिक्षिका आल्या — उजवा, डावा, उजवा, डावा. चटई बदलून पाहिली. पाणी ओतून फरशीचा उतार तपासला. सानगडीहून नवीन आलेल्या, कुणाशीही न बोललेल्या बाईंना मुद्दाम तिथे झोपवलं. तेच. मोबाईलवर व्हिडिओ घेतला. त्यात पाय हलताना दिसतात. त्याने एवढंच सिद्ध होतं की पाय हलतात.

मग गावभर झालं. चौदाच्या नऊ झाल्या, नवाच्या पाच.

"मॅडम, शांती करून घ्या नं," निर्मलाताई म्हणाल्या. "नाहीतर हॉल बदला. कायले जिवाले घोर?"

"शांती कशाची? कुणी कुणाला लाथ मारली का? पाय हलतात, तेवढंच ना?"

बोलायला बोलले. पण पाच बायकांत हॉल चालत नाही. सरांनी ठेवलेली ती जागा डोळ्यांपुढून जाईना.

मी सरळ शेषरावभाऊंच्या घरी गेले. विचारलं, तिसऱ्या रांगेत काय होतं? ते छताकडे बघायला लागले. आतून त्यांच्या काकू, कौसल्याबाई बाहेर आल्या. सत्तरीच्या, ताठ, तोंडात सुपारी.

"तो काय सांगते? मी येतो उद्या. मले दाखव."

सकाळी त्या आल्या आणि खुर्चीवर बसल्या. त्या दिवशी चौथ्या चटईवर कुणी झोपायला तयार नव्हतं, म्हणून मीच झोपले. मी पूर्ण जागी होते. मिनिटाभरात पाय चालू झाले. मला ते कळत होतं. ठरवून थांबवले, थांबले. सैल सोडले की पुन्हा. भीती वाटली का? खोटं कशाला बोलू, वाटली. पण उठले नाही. पाच बायका बघत होत्या.

मध्येच पाय आपोआप थांबले.

"धागा तुटला," कौसल्याबाई खुर्चीवरून म्हणाल्या. त्या माझ्या पायांकडे बघत होत्या. "जोडून राहिली... हं. आता लागली."

पाय पुन्हा सुरू.

"द्वारकी आहे. माह्यी जाऊ. डावा पाय लहानपणापासून अधू तिचा, असाच अर्धा दाबे. पाय हा मास्तरीणबाईचा, पण दाब तिचा आहे."

नंतर चहा पिताना त्यांनी सगळं सांगितलं. द्वारकाबाई नागपूरला दवाखान्यात होत्या, तेव्हा शेषरावभाऊंनी माग काढले. मागावरची साडी अर्धी होती, ती तशीच कापली आणि चौथ्या चटईखालचा त्यांचा खड्डा बुजवला. द्वारकाबाई परत आल्याच नाहीत.

"आमच्या घरी लागलेलं लुगडं पुरं केल्याबिगर माग हालवत नाही. या शहाण्याले घाई झाली होती."

"किती राहिलं होतं?"

"दोन हात. पण दिवसाचे आठ मिनिटं देतं तू. कधी व्हावं बाप्पा तिचं?"

निर्मलाताई म्हणाल्या, "म्हणूनच म्हणतो मॅडम, शांती—"

"शांती नाही," मी म्हटलं. "शवासन उद्यापासून पंधरा मिनिटांचं. चौथी चटई माझी."

कौसल्याबाई खो-खो हसल्या. "ही पण द्वारकीसारखीच आहे, अडेलतट्टू."

तसंच केलं. रोज सकाळी मी तिथे आडवी व्हायचे आणि पाय सैल सोडून द्यायचे. ज्यांना भीती वाटत होती त्या घरी बसल्या. ज्यांना बघायचं होतं त्या आल्या आणि येत राहिल्या. पाचाच्या अकरा झाल्या. सुमारे दोन महिन्यांनी, धान कापणीच्या दिवसांत, एका सकाळी पाय हललेच नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. कौसल्याबाईंना सांगितलं. त्यांनी सुपारी कातरता कातरता विचारलं, "डावा पण नाही?"

"नाही."

"मग झालं तिचं," एवढंच म्हणाल्या आणि सुपारी तोंडात टाकली.

त्यानंतर त्या चटईवर कुणाचेच पाय हलले नाहीत. का हलत होते, का थांबले, मला माहीत नाही. डॉक्टरांना व्हिडिओ दाखवला, त्यांनी दोनदा पाहिला आणि मोबाईल परत दिला. तुमच्याकडे काही कारण असेल तर सांगा, मी ऐकेन. पण शांती करा म्हणू नका.

परवा पुलावर संचालक सर भेटले. म्हणाले, "काय मॅडम, जागा ठेवली आहे अजून. येता?"

म्हटलं, "सर, त्या हॉलमध्ये एका बाईने मेल्यावरसुद्धा काम अर्धं सोडलं नाही. मी तर जिवंत आहे."

आणि स्कूटीला किक मारली.