आईच्या पहिल्या मताचा तक्ता

आई हॉस्पिटलच्या इमर्जन्सी वॉर्डात नर्स आहे. नशेतल्या एका पेशंटने तिचा हात मुरगाळला होता, म्हणून या नव्या देशाची सिटिझन झाल्यावरचं पहिलं मत तिला नीट विचार करून द्यायचं होतं. मी फटाफट तक्ता बनवला: प्रत्येक उमेदवाराला एक रकाना, आणि मुद्दे तीन: हॉस्पिटल, व्यसन, बंदुकांचे कायदे. मग आमच्या उपनगरात, ट्रुगानिनात, मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला दोन उमेदवार आले, दोघंही पाकिटातून आत्ताच काढलेल्या कुर्त्यात! आईने विचारलं, "आमच्या इमर्जन्सी वॉर्डात सिक्युरिटी कधी देणार?"

एक म्हणाला, "तुमचे लाडू अप्रतिम!" दुसऱ्याने तिच्यासोबत सेल्फी काढला. व्यसन काय, बंदुका काय, दोघांचं उत्तर एकच: "कम्युनिटी सेफ्टी फार महत्त्वाची." शी! आणि हे आमचे आमदार होणार!

घरी येऊन मी एकाच्या रकान्यात "लाडू" टाइप केलं, दुसऱ्याच्या रकान्यात "सेल्फी".

आई म्हणाली, "पुसू नकोस गं. मतपत्रिकेवर सगळ्याच उमेदवारांना पसंतीचे नंबर द्यायचेत ना, मग या दोघांना शेवटचे. बाकी कोण उभंय ते बघ."