बाबूचं सरण

तळेऱ्याजवळच्या आमच्या वाडीत मेलेल्या माणसाचं सरण रचावं ते बाबूनेच. खाली वाऱ्याला वाट, मध्ये करवंट्या, वर आंब्याची सुकी लाकडं. एकदा पेटलं की अर्धवट काही मागे राहायचं नाही. गावाला त्याचं कौतुक होतं, म्हणजे गरजेपुरतं.

बाबूची थोरली बहीण तुळसा वाडीतच दिलेली. ती सवाष्ण गेली तेव्हा तिचा नवरा परशुराम म्हणाला, हिऱ्याची चमकी नाकातच राहू दे. हिऱ्याला काय होतंय, राख सावडताना मिळेल, मग नात नम्रताला घालू. गावाने माना डोलावल्या. बहिणीचं सरण बाबूने जीव ओतून रचलं.

राखही त्यानेच सावडली. सोन्याचं कोंदण वाकडं होऊन मिळालं, रिकामं.

"बाबू, खडो खंय गेलो?" परशुरामाने विचारलं.

"माका म्हायत नाय, भावोजी."

"हिरो काय जळता?"

चोर असं कोणी तोंडावर म्हटलं नाही. पण मेलेल्या बहिणीच्या राखेत हात मारणारा म्हणून बाबूला पुन्हा कोणी सरणाला बोलावलं नाही. तो खंगत गेला आणि गेल्या आषाढात मेला. त्याचं सरण गावाने रचलं. रचलं कसलं, लाकडं टाकली नुसती. डिझेल ओतूनही ते धुमसत राहिलं. तेव्हापासून या गावाची मला चीड येते.

नम्रता पुण्यात सायन्स शिकते. तिला यातलं काही सांगितलंच नव्हतं. दिवाळीत आली तेव्हा गोष्ट निघाली, आणि ती आजोबांकडे बघतच राहिली.

"आजोबा, हिरो म्हणजे कोळसोच. जमनीच्या पोटात भयंकर दाब आसता, म्हणान थंय तो एवढ्या धगीत टिकता. उघड्यार तशी धग लागली तर वाऱ्याबरोबर जळान जाता. मागे राख पण रवना नाय."

बाबूच्या सरणाइतकी धग पंचक्रोशीत दुसऱ्या कोणाच्या सरणाला नव्हती, हे परशुरामाला कोणी सांगायला नको होतं.

मग चपला न घालताच तो बाबूच्या घरी गेला. बाबूची बायको रुक्मिणी ओटीवर सुपाऱ्या सोलत होती. त्याने सगळं सांगितलं, हात जोडले.

"माका म्हायतच होतां, भावोजी," ती म्हणाली. "ह्यां तेंका आयकूक व्हया होतां."

आणि ती पुन्हा सुपाऱ्या सोलू लागली.