आवाज गेल्यानंतरचं बोलावणं

डॉक्टरांनी माझं स्वरयंत्र काढलं तेव्हा मी चाळिशी नुकतीच ओलांडली होती. घशाचा कॅन्सर. ना विडी, ना तंबाखू, तरी झाला. इस्पितळातून मुलुंडच्या घरी परतलो तो गळ्याखाली एक भोक घेऊन. श्वास त्यातूनच यायचा-जायचा. माझी बायको रूथ त्यावर जुन्या मलमलीची पट्टी बांधायची. तोंडातून शब्द निघत नव्हता. पाणी हवं असलं तरी पाटीवर लिहायचं. खोकला आला की पट्टी ओली व्हायची आणि धाकटी मुलगी ताट उचलून आत जाऊन जेवायची. मला ते दिसायचं. तिला तरी काय बोलणार?

कोल्हापूर-सांगलीकडून नोकरीसाठी आलेल्या प्रेस्बिटेरियन पंथाच्या ख्रिस्ती कुटुंबांची आमची लहानशी मंडळी. स्वतःचं देऊळ नव्हतं, एका शाळेच्या वर्गात रविवारची उपासना व्हायची. गीत मी धरायचो, शास्त्रवाचनही बहुधा माझ्याकडेच असायचं. आमच्यात मंडळी आपल्यातूनच वडील निवडते. पाळकांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, जोडीनं मंडळीची काळजी वाहायची, प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला लोकांपर्यंत न्यायचा, दुखणाईत आणि दुःखी माणसांच्या घरी जायचं, हे वडिलांचं काम. कधीतरी ते माझ्या वाट्याला येईल असं मला वाटायचं. आजारानंतर तो विचार मी सोडून दिला आणि उपासनेला जाणंही. सगळे गात असताना नुसतं उभं राहणं मला सोसवेना.

अशात एका संध्याकाळी पाळकसाहेब घरी आले. मंडळीनं वडील म्हणून माझं नाव सुचवलं होतं. मला वाटलं, दया आली असेल लोकांना. मी पाटी ओढली आणि लिहिलं, ‘मुका वडील कशाला हवा? कीव नको.’

त्यांनी ते वाचलं. समजूत वगैरे घातली नाही. म्हणाले, “नाव मंडळीनं दिलंय, मी नाही. तुम्ही नको म्हणालात तर मी तसं कळवीन. पण प्रार्थना करून नको म्हणा.”

तेच तर जमत नव्हतं. डोळे मिटले की मनात एकच प्रश्न यायचा, घेण्यासारखं इतकं असताना माझा आवाजच का घेतलास? उत्तर यायचं नाही. मग मी डोळे उघडून भिंतीकडे बघत बसायचो.

पुढे थोड्याच दिवसांत भांडुपला आमच्या मंडळीतल्या सुलोचनाबाईंचा मुलगा प्रकाश गेला. कारखान्यात भट्टीपाशी अपघात झाला. विधवा बाईचा तो एकुलता एक. शवपेटी बंदच ठेवावी लागली; आईला चेहरा दाखवला नाही. दफनानंतर मंडळीतली माणसं भेटायला गेली. देवाची इच्छा, तो आता चांगल्या ठिकाणी आहे, असं जो तो सांगत राहिला. तिसऱ्या-चौथ्या माणसाला सुलोचनाबाईंनी हाताला धरून बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. पाळकांनाही उघडलं नाही.

रूथची आणि त्यांची जुनी मैत्री. ती म्हणाली, “अहो, मला एकटीला जायचा धीर होत नाही. काही करू नका, नुसते सोबत चला.”

आम्ही गेलो. दार बंदच होतं. रूथनं दोनदा हाक मारली. शेजारच्या खोलीतली मालवणी बाई बाहेर आली, माझ्याकडे आणि माझ्या गळ्याकडे बघत राहिली. मी बोलू शकत नाही हे रूथनं तिला सांगितलं. ती बाई चटकन म्हणाली, “बोलनत नाय? बरा झाला. बोलणाऱ्यांनीच तिका अर्धी मारली.” आणि तिनं स्वतः दारावर थाप मारली. “गो सुलोचना, उघड. ह्यो माणूस तुका कायएक सांगूचो नाय.”

बऱ्याच वेळानं कडी निघाली.

रूथ स्टोव्हपाशी चहा करायला बसली. मी भिंतीला टेकून बसलो. सुलोचनाबाई माझ्यासमोर बसल्या आणि बोलू लागल्या. प्रकाशबद्दल आधी, मग देवाबद्दल. देवाला त्यांनी जे जे म्हटलं ते मी इथे लिहिणार नाही. आवाज असता तर मी त्यांना नक्कीच थांबवलं असतं, शास्त्रातलं एखादं वचन पुढे केलं असतं. आता ऐकण्याशिवाय इलाज नव्हता. ऐकता ऐकता मला कळलं, हेच सगळं मीही मनात म्हणत होतो. फक्त त्या मोठ्यानं म्हणत होत्या.

मला रडू आलं. माझ्या रडण्याला आवाज नाही. गळ्याच्या भोकातून नुसती हवा फुसफुसत, घरघरत बाहेर पडते. ऐकायला वाईट वाटतं. मी पट्टीवर हात दाबला. सुलोचनाबाई बोलायच्या थांबल्या.

“हात काढा, भाऊ,” त्या म्हणाल्या. “कोंडू नका. मला प्रार्थना येत नाही आता. तुमची चालू द्या.”

मी प्रार्थना करत नव्हतो. पण त्यांनी डोळे मिटले, तेव्हा मीही मिटले. आजारानंतर पहिल्यांदाच भिंतीकडे बघावंसं वाटलं नाही. श्वास येत होता, जात होता. रूथनं स्टोव्ह बंद केला. मग सुलोचनाबाईंनी अगदी हळू ‘आमेन’ म्हटलं.

घरी येऊन मी पाळकसाहेबांना होकार कळवला.

वडीलपदाच्या दीक्षेच्या रविवारी माझ्याबरोबर निवडलेल्या दुसऱ्या वडिलानं पाळकांच्या प्रश्नांना ‘होय’ म्हटलं. माझी पाळी आली तेव्हा मी मान हलवली. पाळकसाहेबांनी तो होकार मंडळीला दिसेपर्यंत वाट पाहिली, मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. सुलोचनाबाई आल्या नव्हत्या. पुढे पुष्कळ महिने आल्याच नाहीत. मी मात्र त्यांच्याकडे जात राहिलो, आणि जिथे बोलून बोलून माणसं थकली होती अशा इतर घरीही. कुणाचं दुःख मी घालवू शकलो नाही. माझाही प्रश्न सुटलेला नाही. आजही दुसरे गाऊ लागले की आत तुटतं.

प्रभूला मी काय द्यायचं हे मीच ठरवून बसलो होतो. ते त्यानं माझ्याकडून काढून घेतलं असं मी म्हणणार नाही, कारण ते मला कळत नाही. पण जे उरलं होतं ते त्यानं नको म्हटलं नाही. त्यासाठी मी त्याचे उपकार मानतो.