हुबळीत जागा नव्हती

अक्का, मी धारवाड सोडलं त्या सकाळी अप्पा गाडीच्या खिडकीचा गज धरून उभे होते. शाळामास्तर माणूस, जन्मभर मुलांना मोठ्याने वाचायला लावणारा. पण त्या दिवशी इतकं हळू बोलले की अर्धं इंजिनाच्या आवाजात गेलं. "तिकडे कन्नड बोलायला कुणी मिळणार नाही, विसरू नको," एवढं ऐकू आलं. आई स्टेशनवर आलीच नाही. परक्यांचे हातपाय चोळायला शिकायला मुलगी पुण्याला चालली, हे शेजारी कसं सांगायचं, हा तिला घोर.

लढाईचे दिवस होते. जखमी शिपायांसाठी अशी माणसं हवी होती, म्हणून तो कोर्स निघाला. मसाज, विजेचा शेक, आखडलेल्या सांध्यांचे व्यायाम. दुसऱ्या वर्षी प्रत्येकीने कामासाठी इस्पितळ निवडायचं होतं. नेमके तेव्हाच काका आले. वसतिगृहाच्या दारातच म्हणाले, "अप्पांना अर्धांगाचा झटका आलाय ग. उजवी बाजू गेली."

मी तशीच मेट्रनबाईंकडे गेले. म्हटलं, मला हुबळी द्या, तिथून घरी जाऊन-येऊन करता येईल. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. "हुबळीला तुला शिकवणारं कुणी नाही, त्यामुळे तिथलं काम धरणार नाहीत. इथलं लष्करी इस्पितळ, नाहीतर मुंबईला मुलांचा वॉर्ड. निवड तुझी." कोर्सच सोडते म्हटलं, तर काका मान हलवत राहिले. अप्पांच्या तोंडून त्या दिवसांत एकच शब्द स्पष्ट निघत होता, आणि माझं नाव काढलं की ते तोच म्हणत: "नको." मी लष्करी इस्पितळ घेतलं. मुंबईपेक्षा पुणं तुम्हांला जवळ, एवढाच त्यातला विचार.

रजा मिळाली तेव्हा धावत आले. आठवतं ना, अप्पांचाच हात घेऊन तुला शिकवलं? कोपर, मनगट, मग एकेक बोट. "दुखेल त्यांना, पण थांबू नको," मी म्हणाले. तू रडत रडत मान डोलावलीस.

परत गेले तर वॉर्डात आपल्या अळणावरकडचा एक शिपाई आला होता. गोळीने कोपर जखडलेलं. मी धारवाडची म्हटल्यावर त्याचा चेहरा असा फुलला! पण हात सरळ करायला घेतला की कळवळायचा, "साकु अक्का, साकु." पुरे, पुरे. मी थांबत नसे. दिवाळीच्या सुमारास त्याने त्या हाताने घास तोंडात घातला आणि सगळा वॉर्ड हसला. मी व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. या वेळी घरी काय चाललं असेल, एवढंच डोक्यात होतं.

कोर्स संपवून आले तोवर अप्पांची मूठ मिटली होती. गरम पाण्यात धरली, चोळली, किती वेळ बसले. उघडली नाही. तू दाराशी उभी होतीस. "ते कण्हायचे ग," म्हणालीस. "आई माझा हात धरायची. म्हणायची, सोड त्यांना." अप्पांनी डाव्या हाताने माझे तळवे चाचपले आणि काहीतरी पुटपुटले. ते तूच मला समजावून दिलंस: "म्हणतात, हात राठ झाले पोरीचे."

अप्पा गेले, मी पुण्याचीच झाले. इथे माझ्या 'होय की'ला हसतात, आणि तिकडे आले की तुझी मुलं माझ्या पुणेरी बोलण्याला हसतात. काम चांगलं चाललंय. माणसं कळवळतात, शिव्या देतात, बरी होऊन चालत जातात.

कुणी विचारलं, बाई, तुमचं घर कुठे, तर धारवाड म्हणते. मनात येतं, आपलं माणूस कण्हलं की जिथे हात थांबतो, ते घर. माझा आता कुठेच थांबत नाही.